इंदूरमध्ये कृषी पदवी घ्यायची असेल, तर आधी कॉलेजचं शेत पाहा

प्रश्न थोडक्यात असा: मुलीची बारावी जीवशास्त्र घेऊन झाली आहे, राहणं इंदूरला, घरात शेती नाही आणि तिला कृषी पदवी करायची आहे. कॉलेजच्या शेतावर खरोखर हाताने काम करायला मिळतं, की फळ्यावरच सगळं उरकतं? कॉलेज निवडताना काय पाहायचं आणि चार वर्षांत शेतावरून काय पदरात पाडून घ्यायचं?

हाताने काम मिळतं, पण प्रवेश घेतला की आपोआप मिळतं असं नाही. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे तास भरपूर असतात. त्यांतले किती तास मुलं बांधावर उभी राहून बघतात आणि किती तास रानात वाकतात, यात मात्र कॉलेजाकॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेत किती एकरांचं आहे यावरून तो कळत नाही. त्यासाठी एकच गोष्ट विचारा: विद्यार्थ्याच्या नावाने एक वाफा, मातीचा नमुना घेण्यापासून मालाचा हिशेब लागेपर्यंत, पूर्ण हंगामभर असतो का? असेल, तर मूल शेती शिकतं. पेरणी मजूर करतात, फवारणी शेतावरचा कर्मचारी करतो आणि मुलं कापणीच्या दिवशी फोटोपुरती येतात, अशा ठिकाणी पदवी मिळेल, हात तयार होणार नाहीत.

प्रवेशाचं आधी उरकून घेऊ. मध्य प्रदेशातल्या शासकीय कृषी महाविद्यालयांचे राज्य कोट्याचे प्रवेश पीएटी या परीक्षेतून होतात. ती राज्याचं कर्मचारी चयन मंडळ घेतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, देशभरच्या कोट्यातल्या जागा २०२३ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात. आपल्या मराठी घरांत राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांची नावं निघतातच. तिथल्या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राच्या अधिवासाच्या अटी आहेत, त्यामुळे इंदूरमध्ये शिकलेल्या मुलीला तिकडची मुख्य वाट आयसीएआर कोट्याचीच. म्हणून पीएटी आणि सीयूईटी दोन्ही अर्ज भरावेत. खासगी विद्यापीठाचा विचार असेल तर आयसीएआरची अधिस्वीकृती आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे लेखी मागा. फक्त यूजीसीची मान्यता दाखवली तर तेवढ्यावर भागवू नका.

इंदूर या शिक्षणासाठी मुळातच चांगलं गाव आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी केली. आजचं शासकीय कृषी महाविद्यालय त्याच परिसरात आहे. २००८ पासून ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली आहे, त्याआधी जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाखाली होतं. गव्हावर काम करणारं भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र इथेच आहे. पूर्णा, पूसा तेजस ही गव्हाची वाणं या केंद्रातून आली. खंडवा रोडला सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९८७ ची. म्हणजे खरिपाचं मुख्य पीक आणि रब्बीचं मुख्य पीक, दोन्हींवरचं देशातलं मोठं काम शहरातल्या शहरात बघायला मिळतं. कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेतला तरी मुलीने या दोन संस्थांचे शिवारफेरीचे दिवस चुकवू नयेत.

अभ्यासक्रम शेतावरच्या कामाबद्दल काय सांगतो, ते पालकांना माहीत असायला हवं, कारण मग हक्काने विचारता येतं. आयसीएआरच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या, म्हणजे कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या, आराखड्यात ‘प्रात्यक्षिक पीक उत्पादन’ नावाचे दोन विषय आहेत, एक खरिपाचा आणि एक रब्बीचा. त्यात रान तयार करण्यापासून बीजप्रक्रिया, पेरणी, खत, पाणी, तण, कीड-रोग, काढणी, मळणी, वाळवण, उफणणी, साठवण आणि विक्रीपर्यंत सगळं विद्यार्थ्याने करायचं आहे. शेवटी लागवडीचा खर्च आणि निव्वळ नफ्याचा ताळेबंद मांडायचा आहे, तोही प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा आणि ८ ते १० जणांच्या गटाचा वेगळा. त्याच आराखड्यात शेवटच्या वर्षात गावात राहून करायचा कार्यानुभव, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘रावे’, आणि उद्योगासारखं युनिट चालवून शिकायचा अनुभवाधारित अभ्यासक्रम आहे. २०२४-२५ पासून लागू झालेल्या सहाव्या समितीच्या रचनेत सत्रांची मांडणी बदलली आहे. सुरुवातीच्या सत्रांतच कौशल्यवृद्धीचे अभ्यासक्रम आले आहेत आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली आहे, अर्थात १० आठवड्यांची इंटर्नशिप करून. म्हणून कॉलेजकडून आपल्या तुकडीचा सत्रनिहाय तक्ता मागून घ्या आणि त्यात शेतावरचे विषय कोणत्या महिन्यांत पडतात ते बघा.

महिने बघायला सांगतो आहे, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. पीक पावसाच्या वेळापत्रकाने चालतं आणि सत्र विद्यापीठाच्या. माळव्यात सोयाबीनची पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होते. परीक्षा लांबल्या आणि सत्र ऑगस्टमध्ये सुरू झालं, तर विद्यार्थ्यांना हातात मिळतं ते आधीच पेरलेलं रान. मग बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, विरळणी हे सगळं पुस्तकातच राहतं. दुसऱ्या टोकाला, काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते, म्हणजे नेमकी परीक्षेच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर. चांगल्या कॉलेजात यावर तोडगा काढलेला असतो: पेरणीच्या आठवड्यात वर्ग सकाळचे न ठेवता दुपारचे ठेवतात, खरिपाच्या गटाला जूनमध्ये चार-सहा दिवस आधी बोलावतात आणि सुट्टीत कोण थांबणार याची पाळी लावतात. ‘गेल्या वर्षी पेरणी कोणत्या तारखेला झाली आणि सत्र कोणत्या तारखेला सुरू झालं?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

शेत बघायला जायचं तर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा, आणि कार्यालयात बसून माहितीपत्रक घेण्याऐवजी सरळ रानात जा. वाफ्यांवर पाट्या असतात का ते बघा. पाटीवर वाण, पेरणीची तारीख, अंतर, खताची मात्रा आणि विद्यार्थ्याचं नाव किंवा हजेरी क्रमांक हवा. पाटी आहे पण नाव प्रकल्पाचं आहे, तर तो संशोधनाचा वाफा आहे; त्याला विद्यार्थी हात लावत नाहीत आणि लावूही नये. अवजारांच्या खोलीत डोकावा. ४० मुलांच्या तुकडीला पाच खुरपी असतील, तर उत्तर तिथेच मिळालं. हवामानाची वेधशाळा चालू आहे का, पर्जन्यमापकाची नोंदवही आजच्या तारखेपर्यंत भरलेली आहे का, माती परीक्षण प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः मातीचा सामू (पीएच) मोजतात का, हे बघा. आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुली गाठून विचारा: तुमच्या वाफ्याचं उत्पन्न किती आलं? जिने वाफा सांभाळला आहे ती आकडा सांगते आणि आकड्यामागचं कारणही सांगते.

आता त्या वाफ्यावर नेमकं काय करायचं. सोयाबीनचंच उदाहरण घेतो. वाफा ५ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद धरा, म्हणजे २२.५ चौरस मीटर. ओळींतलं अंतर ४५ सेंटीमीटर ठेवलं की बरोबर १० ओळी बसतात. हेक्टरी ७० किलो बियाणं म्हणजे चौरस मीटरला ७ ग्रॅम. वाफ्याला साधारण १५८ ग्रॅम आणि एका ओळीला १६ ग्रॅम. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर १६ ग्रॅममध्ये सुमारे १३३ दाणे येतात. उगवण ७० टक्के धरली तर ५ मीटरच्या ओळीत ९३ रोपं उभी राहतील, म्हणजे रोपांत साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास अंतर आणि चौरस मीटरला ४१ रोपं. हेक्टरी चार लाखांच्या वर, जेवढी हवीत तेवढी. हे गणित मुलीने स्वतः वहीत मांडलं पाहिजे. ‘हेक्टरी ७० किलो’ पाठ करणं सोपं आहे. ओळीला १६ ग्रॅम मोजून पुडी बांधली की तो आकडा बोटांना कळतो.

त्याआधी उगवण तपासणी. गटाच्या बियाण्यातून १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर किंवा कागदाच्या जाड घडीवर ओळीने ठेवून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. फक्त निरोगी, सरळ कोंब मोजायचे. नुसता कोंब डोकावला म्हणजे उगवण झाली असं धरलं तर आकडा फुगतो आणि रानात विरळ पडतं. ७० टक्क्यांच्या खाली आलं तर बियाणं बदलायचं किंवा मात्रा त्या प्रमाणात वाढवायची. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं आपटलं, जास्त वेगाच्या मळणीतून बी काढलं, उन्हात तापलं की आतला अंकुर दुखावतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणूनच ही तपासणी दरवर्षी, अगदी कंपनीच्या सीलबंद पिशवीचीही.

बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. जिवाणू खत पेरणीच्या दिवशीच, सावलीत लावायचं. त्यातला रायझोबियम हा जिवाणू जिवंत असतो. बी उन्हात वाळत टाकलं की तो मरतो आणि पुढे मुळावर गाठी येत नाहीत. १५८ ग्रॅम बियाण्याला मात्रा इतकी बारीक होते की मोजमाप चुकतं, म्हणून सगळ्या गटाचं बियाणं एकत्र प्रक्रिया करून मगच पुड्या बांधाव्यात.

खतं: हेक्टरी २५ किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश आणि २० गंधक अशी शिफारस आहे. या वाफ्याला स्फुरद लागतं १३५ ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के असतं, म्हणून सुमारे ८४५ ग्रॅम सुपर फॉस्फेट. त्यातच ११ टक्के गंधक असल्यामुळे गंधकाची गरज आपोआप भागते. युरिया १२२ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १५० ग्रॅम. ओळीवार वाटायचं तर सुपर फॉस्फेट ८४, युरिया १२ आणि पोटॅश १५ ग्रॅम. विद्यार्थी हमखास डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) उचलतात, कारण एकाच पोत्यात नत्र-स्फुरद दोन्ही येतं. पण डीएपीत गंधक नाही, आणि सोयाबीन तेलबी आहे. गंधक कमी पडलं की कोवळी पानं फिकट पडतात आणि दाण्यातलं तेल घटतं. खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला पडलं पाहिजे. बी आणि खत एकाच चरीत चिकटून पडले की कोंब करपतो.

पेरणी कधी, तर निदान १०० मिलिमीटर पाऊस होऊन रान वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशा ओलीवर, आल्यावर. काळी माती वरून ओली दिसते आणि चार बोटं खाली कोरडी असते. पहिल्या सरीवर पेरलं आणि मग दहा-बारा दिवस उघाड पडली, तर उगवलेलं रोप माना टाकतं. उलट चिखलात पेरलं तर बी सडतं. वाफसा ओळखायला मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून भुगा झाला तर रान तयार, चपटा होऊन चिकटला तर थांबायचं. खोली २ ते ३ सेंटीमीटर. ५ सेंटीमीटरवर गेलं आणि वर पावसाने पापडी धरली, तर कोंब वाकून आतच मोडतो. शक्य तिथे रुंद वरंबा-सरी पद्धत घ्यावी, कारण माळव्यात कधी पाण्याचा निचरा होत नाही आणि कधी ओल धरून ठेवायची असते. सरी दोन्ही वेळा कामी येते.

पहिले ४५ दिवस तणाचे. पंधरा-वीस दिवसांनी पहिली कोळपणी, तीस-पस्तिसाव्या दिवशी दुसरी. इथले शेतकरी यासाठी डोरा चालवतात. वाफ्यावर हातकोळपं आणि ओळीत खुरपं. निंदणी किती तास चालली हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं, ते पुढे हिशेबात लागतं.

पस्तीस-चाळिसाव्या दिवशी वाफ्याच्या कडेच्या ओळीतलं एक रोप काढून बघायला मुलीला आवर्जून सांगा. उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीत तुटून राहतात. खुरप्याने चहूबाजूंनी वीतभर माती सोडवून गड्डा उचलायचा, पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायचा आणि हलक्या हाताने चिखल सुटू द्यायचा. सोटमुळावर मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने किंवा ब्लेडने आडवी कापा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र पकडते आहे. पांढरी असेल तर अजून तयार नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे तिचं काम संपलं. पान पिवळं पडलेल्या वाफ्यात हे करून बघितलं की कळतं, तिथे पाणी साचून मुळांना हवा मिळालेली नसते आणि गाठी आतून फिक्या असतात. त्यावर युरिया टाकणं हा उपाय नाही, चर काढून पाणी बाहेर काढणं हा आहे. याला फार वेळ लागत नाही आणि हे वर्षभराच्या व्याख्यानांपेक्षा जास्त लक्षात राहते.

किडींचंही तसंच, कापून बघितल्याशिवाय खात्री होत नाही. वरून हिरवंगार दिसणारं रोप मलूल होत असेल तर खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी भुयार दिसलं की खोडमाशी. देठावर किंवा फांदीवर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन गोल चकत्या कापल्यासारख्या दिसल्या आणि वरचा भाग लोंबला, तर चक्रीभुंगा. तो भाग चकतीच्या खालून तोडून नष्ट करायचा. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके विखुरलेले असतील तर पिवळा मोझॅक, तो पांढरी माशी पसरवते. सुरुवातीची दोन-चार रोगट रोपं मुळासकट काढून टाकणं सगळ्यात स्वस्त पडतं.

फवारणीआधी पंप मोजून घेण्याचं प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी टाळलं जातं, आणि नेमकं तेच आयुष्यभर उपयोगी पडणारं आहे. पाठीवरच्या पंपात मोजून साधं पाणी भरायचं, १०० चौरस मीटर आखून नेहमीच्या चालीने फवारायचं आणि उरलेलं पाणी परत मोजायचं. ५ लिटर गेलं तर हेक्टरी ५०० लिटर. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो, कारण चाल वेगळी, दाब वेगळा, नोझल झिजलेलं. तणनाशकाला पंख्यासारखा फवारा देणारं नोझल, कीटकनाशकाला पोकळ शंकूचं. डब्यावरचा त्रिकोण बघायचा: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमाने विषारीपणा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या नसतील तर मुलीने फवारणीला नकार द्यावा, आणि पालकांनी तिच्या पाठीशी उभं राहावं. पावसाळ्यात रानात गमबूट हवेतच. साप चावला तर मांत्रिक नाही, चिरा नाही. चावलेला भाग हलू न देता थेट एम.वाय. किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात.

काढणी पानं गळून शेंगा पिवळसर-तपकिरी झाल्यावर. आठवडाभर उशीर केला तर शेंगा तडकतात, आणि त्याच वेळी परतीचा पाऊस आला तर दाणे शेंगेतच मोड धरतात. उत्पन्न मोजताना कडेच्या ओळी सोडायच्या, कारण त्यांना ऊन आणि जागा जास्त मिळते. दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर वगळला की उरतात ८ ओळी, ४ मीटर लांबीच्या, म्हणजे १४.४ चौरस मीटर. समजा त्यातून २.६ किलो दाणे निघाले आणि ओलावा १६ टक्के आहे. १२ टक्के ओलाव्यावर आणायला ८४ ने गुणून ८८ ने भागायचं: २.४८ किलो. हेक्टरी सुमारे १७ क्विंटल. ओलावा न मोजता थेट हेक्टरात नेलं तर १८ येतात. मुलांच्या वह्यांत शेतकऱ्यांपेक्षा जास्त उत्पन्न दिसतं, ते बऱ्याचदा कडेच्या ओळी आणि ओलावा यांमुळे.

हिशेबात स्वतःची मजुरी धरायचीच. मजुरी धरली नाही की प्रत्येक पीक नफ्यात दिसतं. लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत त्या आठवड्यात सोयाबीनला काय भाव निघाला तो स्वतः जाऊन लिहून आणायचा, तोलाई-हमाली आणि वाहतूक वजा करायची. भाजीपाल्याचा वाफा असेल तर पहाटे चोइथराम मंडी.

कंपोस्टबद्दल थोडं सविस्तर, कारण इंदूरमध्ये शिकून ते न शिकणं बरं नव्हे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी खतनिर्मिती इथेच बसवली गेली. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली आणि १९३५ मध्ये इंदूरला आलेल्या गांधीजींनी ती इथे येऊन पाहिली. मूळ खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. खोली मुद्दाम कमी, म्हणजे तळापर्यंत हवा पोचते. पिकांचे अवशेष, गोठ्यातलं अंथरूण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख. साधारण पंधरवड्याने पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून ढीग जमिनीच्या वर.

विद्यार्थ्यांच्या गटाने ढीग निदान एक घनमीटरचा करावा. त्याहून लहान ढीग आतून तापतच नाही. पंधरा सेंटीमीटर काडीकचरा, त्यावर पातळ शेणकाल्याचा थर, मूठभर राख आणि जुनं खत, असं चढवत जायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी ओढली तर हाताला चटका बसला पाहिजे. तापला नाही तर एक तर कोरडा आहे नाहीतर नत्र कमी: गव्हाचा भुसा जास्त आणि शेण थोडं. कुजका वास येतो तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच उलथून वाळकी काडी मिसळायची. मूठभर माल पिळल्यावर बोटांत ओल यावी, पण धार लागू नये.

शेवटच्या वर्षातल्या अनुभवाधारित अभ्यासक्रमाच्या युनिटची निवड करताना मुलं गुणांकडे बघतात. हवामानाकडे बघायला हवं. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेतली तर पहिल्याच आठवड्यात भुसा भिजवून पिशव्या भरल्या पाहिजेत. भुसा गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळून, ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर आणायचा आणि ५ किलो ओल्या भुशाला साधारण १५० ग्रॅम स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, थराथराने टाकायचं. पंधरा-वीस दिवस अंधारात, मग ओलसर हवेच्या खोलीत. हिरवी बुरशी आली तर भुसा नीट तापलेला नाही किंवा पाणी राहिलं. दांडा लांब आणि छत्री बारीक आली तर खोलीत हवा खेळत नाही. हे सगळं मार्चअखेर आटोपतं घ्यायचं, एप्रिलच्या उन्हाळ्यात इंदूरला साधी खोली थंड ठेवणं परवडत नाही. बीजोत्पादन याच सत्रात असेल तर सोयाबीन मिळणार नाही. गव्हातली भेसळ रोपं काढण्याचं काम किंवा उन्हाळी मूग मिळेल, आणि तेही चांगलं शिक्षण आहे.

‘रावे’च्या २० आठवड्यांची पाचव्या समितीने केलेली वाटणी अशी: पूर्वतयारी १, गावात ८, संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र ५, वनस्पती चिकित्सालय २, कृषी उद्योग ३, अहवाल १. मुलीच्या बाबतीत गावातल्या ८ आठवड्यांची सोय आधी विचारा: गटात किती मुली, राहणं की रोज जाणं-येणं, वाहन कॉलेजचं की स्वतःचं, सोबत शिक्षिका किती वेळा येतात. गाव निवडताना रोज पोचता येईल असंच घ्यावं. महू, सांवेर, देपालपूरकडची गावं बसने गाठता येतात. यजमान शेतकऱ्याकडे जाताना सल्ला घेऊन जाऊ नये, वही घेऊन जावं. त्याचा मातीचा नमुना काढून, तपासून, अहवाल त्याच्या हातात हिंदीत लिहून दिला की पुढचे आठवडे घर आपलं होतं.

मातीचा नमुना काढायचा तो असा: एकरभर रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटीमीटर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेचा दोन बोटं जाड काप वरपासून खालपर्यंत खरवडायचा. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची आणि नुकतं खत टाकलेली जागा सोडायची. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या पोत्यात कधीही नाही, अहवालच चुकतो. पिशवीत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या, पेन्सिलने लिहिलेल्या; शाई ओलीने पसरते. शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर, मागचं पीक, पुढचं पीक, तारीख. मुलीला प्रवेशाआधीच्या सुट्टीत शेताची ओळख करून द्यायची असेल तर एखाद्या नातेवाइकाच्या रानात नेऊन हेच करायला लावा. त्याला पीएटी लागत नाही आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.